रंभाजीचा माग

पुणे, ३ फेब्रुवारी २०२५

ती. तात्यांस,
सप्रेम जय भीम.

तुमचे कान तुमच्या आधीच निवृत्त झाले आणि मोबाईलवरची अक्षरं तुम्हाला मुंग्यांसारखी दिसतात, म्हणून मी या जमान्यात पोस्टात जाऊन पाकिटं विकत घेते. खिडकीतल्या बाईंनी परवा विचारलं, "नोकरीचा अर्ज का?" म्हटलं, "नाही, चुलत्यांना पत्र." त्यांनी मला आत बोलावून खुर्ची दिली. तेव्हा उत्तर लवकर पाठवा, माझी पोस्टात इज्जत आहे.

काम असं आहे. माझ्या पीएचडीचा विषय तुम्ही गावभर "वृषाली चोऱ्यांवर डॉक्टर होतेय" असा सांगता, हे मला कळलंय. विषय आहे राणी व्हिक्टोरियाच्या राज्यात नगरच्या साहेबलोकांच्या बंगल्यांत झालेल्या चोऱ्या आणि घरफोड्या. भिंगारच्या छावणीतले साहेब तेव्हा वर्तमानपत्रांना तक्रारी लिहायचे. कोणाचे चमचे गेले, कोणाची मुरंब्याची बरणी गेली. एका मडमेची कंबर आवळायची पट्ट्यांची चोळी गेली. ती नेऊन आपल्या माणसाने तिचं काय केलं असेल, याचा मी आठवडाभर विचार करतेय. आणि जवळजवळ प्रत्येक तक्रारीत एक गोष्ट सारखी, चोरी झाली तेव्हा राखणदार झोपलेला होता.

सगळंच हसण्यासारखं नाही. चोर सापडेना तेव्हा साहेबांनी कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात चोर ठरवून टाकल्या. त्याची शिक्षा लोक अजून भोगतात. ते वाचलं की हसू जातं.

आता आपल्या घरचा चोर. रंभाजी, तुमचे पणजोबा. कागदपत्रांत मला त्यांचं नाव कुठेच मिळालेलं नाही. गाईड म्हणतात, घरोघरी सांगितलेल्या गोष्टीही हव्यात. तर सगळी हकिकत लिहून पाठवा. फक्त ते माग चुकवायला वहाणा उलट्या घालून चालत आल्याचं जरा तपासून लिहा. उलट्या वहाणांचा चोर मला आतापर्यंत तीन जिल्ह्यांत भेटलाय. आणि दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना चोरी न करण्याच्या ओळीवर तुमचा आवाज बारीक होतो का, तेही कळवा.

तुमची,
वृषाली

*

तिसगाव, १२ फेब्रुवारी २०२५

चि. वृषालीस,
जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. वहाणा उलट्या घालून अंगणात चालून बघितलं. चार पावलांत पडलो. तुझी काकू मला उठवायच्या आधी पोटभर हसली. तरीही माझं मत बदललेलं नाही. तेव्हाच्या वहाणा वेगळ्या असत.

हकिकत लिहून घे. मोठा दुष्काळ पडला होता. भिंगारला फेनिक नावाचा इंजिनिअर साहेब राहायचा. इकडे माणसं पाला खात होती आणि तिकडे हा गृहस्थ रोज चांदीच्या झाकणाच्या भांड्यातून रस्सा ओरपायचा. रंभाजीने एकट्याने बंगल्याच्या मागच्या भिंतीला भगदाड पाडलं, भांडं उचललं, करंजी घाट उतरून तिसगावला आला आणि चांदी मोडून गावाला जगवलं. पुढे साहेबाने पकडून तुरुंगात घातलं, पण चांदी कुठं गेली ते रंभाजीने सांगितलं नाही. पंचशीलाचं म्हणशील, तर साहेबाने आधी आपलंच नेलं होतं. आपलं परत आणणं चोरीत धरत नाहीत.

आता महत्त्वाचं. पंचायतीने वेशीजवळ नवी अभ्यासिका बांधली आहे. पोरं तिथे बसून परीक्षांचा अभ्यास करणार. तिला रंभाजीचं नाव द्यावं असा अर्ज मी दिलाय आणि एक मेच्या ग्रामसभेत त्यावर निर्णय आहे. फलकाचा मजकूर तयार आहे. "इंग्रज साहेबाचा बंगला फोडणारा तिसगावचा वाघ, रंभाजी." तेहतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, गाडीवर दुसऱ्यांच्या गावांच्या पाट्या लावल्या. एक पाटी आपल्या माणसाची असावी, एवढंच मागतोय.

पण आडवा कोण आला? बन्सी! एका बाकावर शिकलो, रोज सकाळी स्टँडवर एकत्र चहा घेतो, आणि सोसायटीचा चेअरमन झाल्यापासून हा शहाणा झालाय. सगळ्यांसमोर माझ्या कानाशी येऊन म्हणतो, "भीमराज, पोरं आत बसून सायेब व्हायचा अभ्यास करनार आन् दारावर सायबाला लुटनाऱ्याचं नाव? दुसरं कायबी लिव, चोर म्हनून लिवू नको." म्हटलं, तुझ्या सात पिढ्यांत कोणी शेजारच्याचं वांगं उचलायची हिंमत केली नाही, म्हणून तू जळतोस. त्यावर तो उठून चालता झाला. तेव्हापासून चहा बंद आहे.

गंमत बघ. भांडण चालू असताना त्याच्या सुनेने, स्नेहलने, बाळाला आपल्याकडे आणलंच. त्यांच्या घरात मूल झालं की बारशाच्या आधी आपल्या उंबऱ्यावर त्याचे पाय टेकवायचे, ही जुनी रीत तुला माहीत आहे. शिवाशिव पाळायच्या काळातही त्यांच्या बायका मूल घेऊन आपल्या वस्तीत यायच्या. रंभाजीसारख्या चोराच्या दारात टेकवलेल्या मुलाला कोणी चोर शिवत नाही, म्हणून. आपला धाक अजून आहे! बन्सी रस्त्यापलीकडे उभा राहून विजेच्या तारा मोजत होता.

माझी थोरली बहीण, तुझी बनाबाई आक्का, म्हणते, रंभाजीच्या वेळची आपल्या घरचीही एक रीत लिही. लांब निघालेल्या माणसाच्या शेवटच्या पावलावर पाटी पालथी घालायची आणि तो पोचल्याचा निरोप आला की उचलायची. तू पहिल्यांदा पुण्याला गेलीस आणि फोन करायला विसरलीस, तेव्हा शेण भरायची पाटी दोन दिवस अंगणात पालथी पडून होती. आक्काने तुला अजून माफ केलेलं नाही. लिही तुझ्या प्रबंधात.

तुझा,
तात्या

*

पुणे, २४ फेब्रुवारी २०२५

ती. तात्यांस,
सप्रेम जय भीम.

पडलात हे वाचून वाईट वाटलं. काकू हसल्या हे वाचून बरं वाटलं.

आता खुर्चीत नीट बसून वाचा. रागावू नका असं लिहिणार होते, पण तुम्ही रागावणारच, म्हणून थोडं रागवा.

बनाबाई आत्यांच्या पाटीने माझी झोप उडवली. त्या काळी चोरी झाली की पहिलं काम काय करत, सांगते. चोराचं पाऊल मातीत कुठे नीट उमटलेलं दिसलं की वाऱ्याने किंवा गुरांच्या पायांनी मोडू नये म्हणून त्यावर पाटी पालथी घालत. मग गावच्या जागल्याला, म्हणजे राखणदाराला, बोलावत. तो काडीने पाऊल मोजून घ्यायचा आणि त्याच पावलाचा माग काढत निघायचा. गावची शीव, म्हणजे हद्द, आली की पलीकडच्या गावच्या जागल्याला बोलावून माग त्याच्या हवाली करायचा. असा माग गावोगाव पुढे जायचा. ज्या गावाच्या शिवेत तो शिरला आणि बाहेर निघाला नाही, त्या गावाने चोरी भरून द्यायची. साहेबांच्या कायद्यात ही रीत हळूहळू मागे पडली, पण साहेबाचंच काही गेलं की त्यांना ती बरोबर आठवायची.

तात्या, चोराच्या घरात पाऊल पुसायला केरसुणी घेतील. पाऊल जपायला पाटी कोण घेईल?

ही चोराच्या घरची रीत नाही, माग काढणाऱ्याच्या घरची आहे. रंभाजी बंगला फोडणारे नसावेत. ते तिसगावचे जागले असावेत आणि फेनिक साहेबाच्या चोराचा माग त्यांच्याकडे आला असावा. बायकांनी पुढे तीच पाटी आपल्या माणसांच्या पावलांवर घातली, हरवू नयेत म्हणून. मला हे फार आवडलं. त्या दोन दिवसांबद्दल आत्यांची मी हात जोडून माफी मागते.

तुम्हाला हे आवडणार नाही, हेही कळतं. पण मी डॉक्टर होणार ते चोऱ्यांवर. थापांवर नाही.

वृषाली

*

तिसगाव, ५ मार्च २०२५

चि. वृषालीस,
जय भीम.

थोडं रागव म्हणालीस. मला थोडं जमत नाही.

पत्र तीनदा वाचलं. म्हणजे आमचा पणजोबा साहेबाचं भांडं शोधत हिंडत होता? घरात पाला शिजत असताना, ज्याने रस्सा प्यायला त्याच्या वतीने? अगं, जागल्याची ती काठी, ती गावकी, ती दारोदारची हाक, हे सगळं माझ्या वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेऊन आल्यावर टाकून दिलं. काठी मोडून चुलीत घातली. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो, पण ती गोष्ट ऐकतच मोठा झालो. आणि तू तीच काठी माझ्या हातात आणून देतेस, तीही पीएचडीचा शिक्का मारून!

मला चोर का आवडतो, सांगू? चोर निदान स्वतःचा धनी असतो. शाळेत सुरुवातीला मास्तर आम्हाला दाराजवळ बसवायचे तेव्हा मी मनात म्हणायचो, बसवा, माझ्या पणजोबाने साहेबाची भिंत फोडलीय. तेवढ्यावर मी ती वर्षं काढली. आता या वयात दुसरं काय मनात म्हणू?

आक्काला विचारलं. तिला लहानपणी आजीने सांगितलेलं आठवतं. ती म्हणते, "साहेबानं त्याला तुरुंगात घातला ह्ये खरं हाय. परत आला तवा हाताची बोटं वळत न्हवती. जागल्याचं कामबी गेलं, ते मागनं पोराला मिळालं." तुझ्या प्रबंधात हे कुठे बसतं ते तूच बघ. साहेबाचं काम करणाऱ्याला साहेब तुरुंगात का घालेल?

मी उद्या पंचायतीत जाऊन अर्ज मागे घेणार आहे. अभ्यासिकेला काय नाव द्यायचं ते देऊ देत. बन्सीला पेढे वाटायला सांग.

काकू म्हणते, पोरीला एवढं कडक लिहू नका. तर शेवटी लिहितो, तब्येतीला जप.

तात्या

*

पुणे, १७ मार्च २०२५

आदरणीय बन्सीकाका यांस,
जय भीम, नमस्कार.

भीमराज तात्यांची पुतणी वृषाली तुम्हाला पत्र लिहितेय, याचं आश्चर्य वाटेल. फोन केला असता, पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवून बोलता आणि मग ते साऱ्या तिसगावचं बोलणं होतं.

एकच विचारायचंय. तुमच्या घरात मूल झालं की आमच्या उंबऱ्यावर पाय टेकवायला का आणतात? चोर शिवू नये म्हणून, हे तात्यांचं उत्तर. पण शिवाशिवीच्या काळात एका बागायतदाराच्या घरच्या बाईने तान्हं मूल घेऊन आमच्या वस्तीत येणं सोपं नव्हतं. तेवढ्यासाठी कोणी येईल असं वाटत नाही.

मला असं वाटतंय की रंभाजी जागले होते, आणि माग तिसगावच्या शिवेत शिरल्यावर त्यांनी तो तिथेच सोडला. म्हणून तुरुंगात गेले. ज्याला घाटातल्या खडकावरचा माग दिसतो, त्याचा माग स्वतःच्याच गावात चुकत नाही. मग तो कोणासाठी सोडला?

तात्यांनी अर्ज मागे घेतला असेल. ते फार दुखावलेत. तुम्हाला काही माहीत असेल तर मला सांगा. तुम्ही म्हणाल त्याशिवाय मी ते कोणाला सांगणार नाही.

तुमची,
वृषाली

*

तिसगाव, २ एप्रिल २०२५

वृषाली बाळास, बन्सीचा आशीर्वाद.

मला शुद्ध लिवता येत न्हाई, बोलतो तसं लिवतो. कागुद पंधरा दिस खिशात घिऊन हिंडलो. बायकूनं दोन बार सदरा धुवायला मागितला, दिला न्हाई.

तू वळखलंस. चोर माझा पणजा हुता, सहादेव. दुष्काळात तो भिंगारला खडी फोडायच्या कामावर गेल्ता. घरी माझा आजा तान्हा, आईला दूध न्हाई. सहादेवानं सायबाची भिंत फोडली आन् भांडं आनलं. त्याच्या डाव्या पायाला करंगळी न्हवती. करंजीवाल्यांनी माग शिवेवर आनून दिला. रंभाजीबाबांनी पाऊल बघितलं आन् लगीच वळखलं. दोघं एका वयाचे, एका वढ्यात पवलेले. माग काढत काढत आमच्या दारापातूर आले. दारात बाळंतीन पोराला घिऊन बसल्याली. ती रडली बी न्हाई, नुस्ती बघत ऱ्हायली. रंभाजीबाबा माघारी फिरले आन् म्हनाले, माग मोडला, गुरांनी तुडवला. शिपायांनी लई मारलं. पर नाव सांगितलं न्हाई. मंग त्यालाच चोराचा साथीदार म्हनून आत घातला, आन् गाव तवापासनं त्यालाच चोर म्हनत आलं. तुमाला त्याचा अभिमान वाटाया लागला, आमी गप ऱ्हायलो. चोर आमच्या घरातला हुता, ह्ये म्हनायची कुनाची छाती झाली असती का?

म्हनून पोरं तुमच्या उंबऱ्यावर टेकवतो. चोरासाठी न्हवं. त्या दारामुळं आमची पोरं हायेत.

आन् भीमराज म्हनतो गावाला चांदी वाटली! कसली चांदी? शेवगावच्या सोनारानं घासली तर आत पितळ. ते भांडं माझ्या लहानपनी कोंबड्यांच्या पान्याला हुतं.

त्याच्या नावाला माझा इरोध न्हाई. पर ज्यानं चोरी केली न्हाई त्याचं नाव चोर म्हनून दगडात खोदायचं, आन् माझ्या पणजापायी, ते मला बघवंना. आन् उठून खरं सांगायचा धीर बी हुईना. मी सोसायटीचा चेअरमन, पोरगं सरपंचाला उभं ऱ्हानार हाय. भीमराजला सांगू नको. मी सोताच त्याला सांगितलं आसतं, पर त्याच्या तोंडाकडं बघितलं की शबूद फुटत न्हाई.

बन्सी

*

पुणे, ९ एप्रिल २०२५

ती. तात्यांस,
सप्रेम जय भीम.

यंदा जयंतीला येता येत नाही. प्रबंधाची दोन प्रकरणं त्याच आठवड्यात द्यायची आहेत. माझ्या वाटचं नाचायला काकूंना पाठवा.

आत्यांचं म्हणणं खरं आहे आणि त्याच्याशिवाय माझं अर्धं सत्य म्हणजे थापच होती. ते मी मान्य करते. साहेबाचं काम करणाऱ्याला साहेब तुरुंगात का घालेल, हे तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत. उत्तर असं. रंभाजींनी माग काढला, शेवटपर्यंत काढला, आणि चोराचं नाव सांगितलं नाही. मार खाल्ला. काम गेलं. तुमच्या मनातल्या वाघाने एक भिंत फोडली होती. या माणसाने बोटं वळेनाशी होईपर्यंत तोंड उघडलं नाही. तात्या, मला हाच रंभाजी आवडतो. तुम्हाला आवडायला वेळ लागेल, तर घ्या वेळ. पण एक मेच्या आधी आवडू द्या.

चोर कोण, ते मला विचारू नका. मी शब्द दिलाय आणि आपल्या घरात शब्द कसा पाळतात ते आता तुम्हाला माहीत आहेच.

अर्ज मागे घेतला असेल तर पुन्हा द्या. फलकावरचा वाघ काढा, बंगला काढा, नुसतं नाव ठेवा. आणि ग्रामसभेत बन्सीकाका उठले तर चिडू नका. हात जोडते, एवढं ऐका. कानाने नाही तर निदान पत्राने तरी ऐका.

वृषाली

*

तिसगाव, ३ मे २०२५

चि. वृषालीस,
जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

आधी निकाल सांगतो, कारण कंडक्टरने प्रवाशाला उगीच टांगून ठेवू नये. अभ्यासिकेला रंभाजीचं नाव मिळालं. एकमताने. फलकावर वाघ नाही, बंगला नाही, साहेबही नाही. फक्त नाव आणि त्याखाली, "तिसगावचा जागल्या". हो, जागल्या. मीच लिहायला सांगितलं. तुझ्या पत्रानंतर पंधरा दिवस त्या शब्दाशी भांडलो आणि मग भांडण मिटलं.

अर्ज मागे घेतला नव्हता. गेलो होतो, पण ग्रामसेवक सुट्टीवर होते, आणि दुसऱ्या दिवशी राग थोडा उतरला. हे तुला मुद्दाम कळवलं नाही. तुला जरा घोर लागलेला बरा वाटला.

आता ग्रामसभा. मंदिरासमोरच्या पारावर भरली. ऊन मरणाचं, वीज गेलेली, त्यामुळे माईक बंद. मी पहिल्या रांगेत. माझा विषय निघाला आणि बघतो तर बन्सी उठला. तू चिडू नका म्हणाली होतीस. मी पाच मिनिटं चिडलो नाही. तो नुसता उभा. ओठ हलताना दिसत होते. मागची माणसं हात कानाला लावून खुणा करत होती, म्हणजे त्यांनाही काही ऐकू येत नसावं. तो माझ्याकडे बघायचा, खाली बघायचा, परत ओठ हलवायचा. मला वाटलं, झालं, याने खोडा घातला. आणि मग तुझा सल्ला मी विसरलो.

उठून त्याला नको ते बोललो. भरल्या ग्रामसभेत. म्हटलं, "बन्सी, आयुष्यभर माझ्यासंगं चहा प्यालास आन् माझ्या पणज्याचं नाव लागतंय तर तुझ्या पोटात दुखतंय व्हय? आमी खालचे म्हनून का?" हे शेवटचं बोललो आणि माझं मलाच कसंतरी झालं. बन्सीने हे मला आयुष्यात कधी जाणवू दिलं नव्हतं. आमचं पाणी कोणी पीत नव्हतं तेव्हाही तो आमच्या रांजणातून पाणी प्यायचा आणि घरी जाऊन मार खायचा. पण तोंडातून गेलेलं गेलं.

तो रागावला नाही. माणसांतून वाट काढत माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला आणि तोंड माझ्या कानाशी आणलं. म्हणाला, "भीमराज, चोर माझा पणजा हुता. सहादेव. तुज्या पणज्यानं त्याला वाचवला."

हे मला ऐकू आलं. पोरी, माझ्या कानाशी कोणी तोंड आणून बोललं तर मला सगळं ऐकू येतं, हे घरातल्या लोकांना माहीत आहे आणि बन्सीलाही आहे. शब्दन् शब्द ऐकू आला.

मी मान वर केली. त्याचा मुलगा सुनील, उद्या सरपंचाला उभा राहणार म्हणून इस्त्रीचा सदरा घालून समोर बसलेला. त्याची बायको बायकांत बसलेली. सगळं गाव आमच्या तोंडाकडे बघत होतं आणि त्यांच्यापैकी कोणाच्याही कानावर अजून काहीच गेलेलं नव्हतं. बन्सीच्या डोळ्यांत पाणी. मला त्या माणसाची इतकी माया आली की तेवढ्यात मनात एकच आलं, याला परत फिरायला जागा द्यावी.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हटलं, "काय म्हनतोस कळंना बाबा! माझे कान गेल्यात. जाऊ दे, बस खाली."

तो बसला असता तर झालं असतं. अर्ज मंजूर झाला असता, मी घरी येऊन तुला लिहिलं असतं की बन्सीने शेवटी विरोध सोडला, आणि दुसरं काहीही लिहिलं नसतं.

बन्सी माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मला ऐकू आलंय, हे त्याला कळलं. मी कशासाठी खोटं बोललो तेही कळलं. आम्ही एका बाकावरचे. मग त्याने दोन्ही हातांनी माझे खांदे धरले, छाती भरून घेतली आणि एवढ्या मोठ्याने ओरडला की पलीकडे स्टँडवर उभ्या असलेल्या शेवगाव गाडीचा ड्रायव्हर खाली उतरून बघायला लागला.

"चोर माझा पणजा हुता, भीमराज! तुझा न्हवं! माझा!"

आता तूच सांग, एवढं झाल्यावर ऐकू आलं नाही असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार?

तुझा,
तात्या